श्वासापुरती जागा

बारकीने पन्नाशी ओलांडली तरी ती बारकीच राहिली. घरात तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, आणि ती ज्या तयार कपड्यांच्या दुकानात कामाला होती तिथे सगळे तिला नुसतं 'मागच्या बाई' म्हणत. दुकानाच्या मागच्या अंगाला, कपडे घालून बघायच्या खोल्यांच्या पलीकडे, तिचं शिलाई मशीन होतं. कुणाची पँट लांब, कुणाचा शर्ट खांद्यात उतरलेला, कुणाला मागच्या महिन्यात घेतलेला झगा आता पोटावर बसेना. तोंडात टाचण्या धरून ती खडूने खुणा करायची आणि टाचण्यांच्या फटीतून म्हणायची, "परवा या."

गाणं मात्र ताईचं, तिच्या मोठ्या बहिणीचं. बारकीला गाता येत नव्हतं. तोंड उघडलं की शेजारची मांजर उठून जायची, असं ताईच म्हणायची. ताई बस स्थानकावर घोषणा करायची. काचेच्या छोट्या खोलीत माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं, हे तिचं काम. तो आवाज सगळ्या गावाला पाठ होता, चेहरा फारसा कुणाला माहीत नव्हता. ती दुकानात उभी राहून अर्धा किलो कांदे मागायची आणि मागे रांगेतला कुणीतरी दचकून सामान उचलायचा, आपलीच गाडी सुटतेय असं वाटून.

दोघी एकाच इमारतीत राहत. खालच्या मजल्यावर ताई आणि भावोजी, वरच्या मजल्यावर एकटी बारकी. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या माडीवर हौशी मंडळी जमून गात, आणि ताईचं गाणं तिथे ठरलेलं असे. साथीला एक वयस्कर पेटीवाले होते. ते मुलाकडे राहायला निघून गेले तेव्हा ताईची पंचाईत झाली. तेव्हा बारकी म्हणाली, "मी बघू का?"

"तू?" ताई म्हणाली. "तुला गळा नाही."

"कान आहे की."

ते खरं होतं. ताईचा सूर केसभर जरी हलला तरी ताईआधी बारकीचं कपाळ आक्रसायचं.

तिने एक वापरलेला कीबोर्ड आणला. पांढऱ्या पट्ट्या जरा पिवळसर पडलेल्या, पडद्याच्या काचेवर एक ओरखडा. त्यात शंभरावर वाद्यं आणि तितकेच तयार ठेके होते. भावोजी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला. गाण्याशी त्यांचा संबंध एवढाच, की ताई गात असली की ते रेडिओ बंद करत. त्यांनी कीबोर्डाला सगळ्या बाजूंनी हात लावून पाहिला आणि विचारलं, "एवढी माणसं आत बसवलीस, त्यांना चहा कोण देणार?"

पहिल्यांदा बारकीने सगळी बटणं दाबून पाहिली आणि ताईचं गाणं वरातीत शिरल्यासारखं झालं. मग हळूहळू तिला उमजत गेलं. तयार ठेके दुसऱ्या कुणाच्या तरी नाचासाठी बांधलेले होते, ते आपल्या गाण्याला जसेच्या तसे चढवले तर खांद्यात उतरणारच. म्हणून तिने एक ठेका घेतला आणि उसवायला सुरुवात केली. त्यातला मोठा ढोल बंद केला. झांजा काढल्या. उरलेल्या बारीक टिकटिकीवर स्वतःच्या बोटाने एकेक ठोका भरला, खाली एक जाड तंतुवाद्य इतकं हळू ठेवलं की ते ऐकू येण्याऐवजी पायाला जाणवावं. दोन ओळींच्या मधे बासरीचा तुकडा. शेवटी सगळं एकदम न थांबता एकेक वाद्य उठून जावं, पाहुणे घरी जातात तसं. आठवडाभर हे चालायचं. दुकानात दोरा ओवतानाही तिची डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत असत.

दोघींचं सगळ्यात आवडतं गाणं आईचं होतं. ते कुणी लिहिलं, चाल कुणाची, दोघींना माहीत नव्हतं. आई कपडे वाळत घालताना म्हणायची: 'उंबऱ्याशी ऊन आलं, त्याला आत घ्या कुणी.' दोन कडवीच आईला येत होती, म्हणून गाणं दोन कडव्यांचं. पहिली ओळ ताई एका श्वासात म्हणायची आणि शेवटच्या 'कुणी'वर असा काही थांबा घ्यायची की बासरीला वाट बघत उभं राहावं लागे.

त्या थांब्याला पहिला धक्का बसला तेव्हा बारकीला वाटलं, ताई दमली असेल. ओळ 'आत'पर्यंत आली आणि तिथे बारीकसा श्वास घेतला गेला. पुढच्या महिन्यात तो 'त्याला'च्या आधीच घेतला गेला. सोबत कोरडा खोकला. बस स्थानकावर घोषणा अर्धवट राहायला लागल्या. एकदा ताईने गावाचं नाव सांगितलं, फलाट सांगायच्या आत खोकल्याची उबळ आली, आणि माणसं सामान घेऊन सगळ्या फलाटांवर धावली. ताईने हे हसत सांगितलं. त्यानंतर तिला माइकवरून काढून आतल्या कामाला बसवलं, हे तिने हसत सांगितलं नाही.

छातीच्या डॉक्टरांकडे बारकीही गेली होती. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला. "फुफ्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत," ते म्हणाले. "नवा स्पंज दाबला की परत फुलतो. वाळलेला फुलत नाही."

"मग भिजवायचा कसा?" भावोजींनी विचारलं.

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. "आहे ते जास्तीत जास्त दिवस टिकवायचं. औषध त्यासाठी आहे."

"पण गाते ती," बारकी म्हणाली. तिला वाटलं, हे आधी सांगायला हवं होतं, म्हणजे त्यांनी निदान वेगळं केलं असतं.

"जमेल तेवढं गाऊ द्या," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन बारकी कीबोर्डापुढे बसली. करण्यासारखं तेवढंच तिच्या हातात होतं. पट्टी आधी काळी चार होती, ती तिने पांढरी पाचवर आणली. बटण एकदा दाबलं की सगळं गाणं एक पायरी खाली येतं. आतल्या एकाही वाद्याला कळत नाही. ताईला कळलं. "खाली का आणलंस?" तिने विचारलं. मग गाऊन पाहिलं आणि म्हणाली, "बरं, राहू दे." काही दिवसांनी पट्टी काळी तीन झाली, मग पांढरी चार. लय आधी कमी केली होती, पण लय कमी झाली की ओळ लांबते आणि श्वास आणखी लवकर संपतो, हे लक्षात आल्यावर ती पुन्हा वाढवली. मग ओळच कापली. 'उंबऱ्याशी ऊन आलं', इथे बासरी. 'त्याला आत घ्या', इथे पुन्हा बासरी. मग 'कुणी'. बासरी चालू असेपर्यंत ताईने तोंड मिटून नाकाने श्वास भरून घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, गाण्याची बांधणीच अशी आहे.

तशीच तिने ताईच्या कपड्यांची शिवणही आत घेतली. ताई बारीक होत चालली होती. दर महिन्याला थोडं थोडं. बारकी माप घ्यायची आणि ताई हात वर करून उभी राहायची.

वाचनालयाच्या माडीवरचा तो शनिवार बारकीच्या मनात नंतर फार दिवस टोचत राहिला. जिना चढून आल्यावर ताई बराच वेळ खुर्चीत बसून होती. बारकीने त्या दिवसासाठी एक जास्तीची सोय करून ठेवली होती. ताईच्या ओळीखाली तीच चाल तिने व्हायोलिनच्या आवाजात भरली होती, अगदी बारीक. ताई अडली तर डाव्या हाताशी असलेली कळ वर सरकवायची, व्हायोलिन पुढे येणार, ओळ पुरी होणार.

ताई दुसऱ्या कडव्यात अडली. बारकीने कळ सरकवली. व्हायोलिन पुढे आलं, ओळ पुरी झाली, ताई पुढची ओळ धरायला गेली आणि तीही निसटली. व्हायोलिन तयारच होतं. शेवटी एकेक वाद्य उठून गेलं आणि टाळ्या नेहमीपेक्षा जोरात पडल्या. ग्रंथपाल स्वतः उठून बारकीकडे आले. "बाई, आजचं संगीत म्हणजे काय सांगू. एकटीने करता तुम्ही हे सगळं?"

ताई शेजारीच बसली होती, मांडीवर हात ठेवून.

परतताना ती दर दुकानापाशी थांबत होती, काचेतलं काहीतरी बघितल्यासारखं करत. भांड्यांच्या दुकानापाशी थांबली तेव्हा म्हणाली, "आज मी किती गायले गं?"

"गायलीस की. छान झालं."

"छान झालं ते मी ऐकलं. मी किती गायले, ते विचारतेय."

बारकीने कीबोर्डाची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तू माझ्या तोंडातली ओळ काढून त्या व्हायोलिनला दिलीस."

"तू अडलीस म्हणून दिली, ताई. मी काय करणार होते?"

"अडू द्यायचं." ताईला मधे थांबावं लागलं. "मी अडले असते तर लोकांना कळलं असतं, मी गात होते आणि अडले. आता त्यांना वाटलं, मी उगाच बसले होते तिथे."

"तुझं हसं होऊ नये म्हणून..."

"झालं असतं थोडं. माझं मी बघितलं असतं."

इमारतीच्या दाराशी ताईने पिशवीचा एक बंद धरला, नेहमीप्रमाणे ओझं निम्मं करायला, आणि तिला तेवढंही पेलेना, म्हणून सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकीने सगळी वाद्यं एकेक करून पुसून टाकली. आधी व्हायोलिन, मग बासरी, मग खालचं जाड तंतुवाद्य. एवढ्या महिन्यांचं काम पुसायला वेळ लागला नाही. पडद्यावर यंत्र दर वेळी विचारायचं, नक्की का, आणि ती हो म्हणायची. शेवटी नुसता एक सूर उरला, आणि अधूनमधून लाकडावर टिचकी मारावी तसा ठोका. हे घेऊन ती खाली गेली.

ताई खिडकीशी बसली होती. ऐकून म्हणाली, "एवढंच?"

"तुझ्या आड येणारं काही नाही आता यात."

ताई गायली. पहिली ओळ तीन तुकड्यांत आली, आणि तुकड्यांच्या मधल्या जागा उघड्या पडल्या. त्या जागांत तिचा श्वास ऐकू येत होता, कापड फाडताना आवाज येतो तसा. बारकीला हात पुढे करून काहीतरी भरावंसं वाटत होतं. तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले. दुसऱ्या कडव्यापर्यंत ताई पोहोचलीच नाही. ती मागे टेकली, डोळे मिटून, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "थोडी बासरी ठेव. इतकंही उघडं नको."

"किती ठेवू?"

"ते मला काय माहीत? अरेंजमेंट तुझी आहे."

मग बारकीने पुन्हा थोडी बासरी घातली. ताईने ऐकून जास्त झाली म्हटलं. तिने कमी केली. ताईने कमी झाली म्हटलं. असे बरेच रविवार गेले. बासरी मागे-पुढे होत राहिली, आणि दोघींना ठाऊक होतं की बासरीचं काही चुकत नाहीये. पण त्यावर बोलता येत होतं, भांडताही येत होतं. एकदा ताई इतकी वैतागली की म्हणाली, "तुझ्या बासरीवाल्याला घरी पाठव, त्याच्या आईने बोलावलंय." त्यावर दोघी हसल्या, आणि हसण्याने ताईला जी उबळ आली ती थांबेचना. भावोजी आतून पाणी घेऊन धावत आले. बारकी पाठीवर हात फिरवत राहिली. पाठीची हाडं हाताला लागत होती.

माडीवर जाणं बंद झालं. पुढे घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. पलंगाशेजारी ठेवलेलं, लहानशा कपाटाएवढं, दिवसभर घुमत राहणारं, आणि ठरावीक वेळाने फुस्स करून हवा सोडणारं. त्याची नळी ताईच्या नाकाला. भावोजी पंपघरातले, त्यांना यंत्राचा आवाज ऐकून बरं-वाईट कळायचं, ते त्याच्या पाठीला कान लावून म्हणाले, "चांगलं चालतंय." ते मशीन चांगलं चालतंय याचंच त्यांना समाधान होतं. दुसऱ्या कशाचं असणार?

बारकीने खाली कीबोर्ड लावला तेव्हा पहिल्याच सुराला तिचं कपाळ आक्रसलं. मशीनची घुमघुम आणि तिचा सूर एकमेकांना घासत होते.

"बेसूर आहे ना?" ताई म्हणाली. ती आता दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त बोलत नसे. "हे मशीन."

"थोडा वेळ बंद करता येईल का?" बारकीने भावोजींना विचारलं.

"नाही," भावोजी म्हणाले.

बारकीने मशीनचा सूर कीबोर्डावर शोधला. तो पांढरी पाचच्या वर आणि काळी चारच्या खाली, मधेच कुठेतरी लटकत होता. कुठलीच पट्टी त्याला बसेना. मग तिला आठवलं, आत खोल कुठेतरी सगळ्या कीबोर्डाचाच सूर बारीक बारीक सरकवायची सोय आहे. ती शोधून तिने पांढरी पाच एकेक कण वर चढवली. ताई डोळे मिटून ऐकत होती. एका जागी आल्यावर ताईने बोट वर केलं. घासणं थांबलं होतं. मशीन आणि सूर एक झाले होते, खोलीतून काहीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं. मग बारकीने ठेका असा सरकवला की फुस्स बरोबर समेवर यावं. चार-पाच आवर्तनं जमायचं, मग हळूहळू निसटायचं. मशीन कुणाचं ऐकत नव्हतं. ती पुन्हा थांबवून पुन्हा जुळवायची.

"पांढरी पाच," ताई म्हणाली. जरा थांबून, "परत वर. बढती."

भावोजी दारात उभे होते. त्यांना विनोद कळला नाही, पण ती हसली म्हणून तेही हसले.

ताईने 'उंबऱ्याशी' म्हटलं. मग श्वास. 'ऊन'. बारकी सूर धरून बसली. 'आलं' यायला इतका वेळ लागला की मशीनने मधे तीनदा फुस्स केलं. पुढचा शब्द आला तो नुसता ओठांवर, आवाज नव्हता. ताईचे ओठ ओळीच्या शेवटपर्यंत गेले. थांबा मात्र तिने पूर्वीसारखाच घेतला, हनुवटी जराशी वर करून.

बारकी कीबोर्डाच्या पडद्याकडे बघत होती. पट्टी, लय, आवाज, वाद्यं, सगळ्यांचे आकडे तिथे होते, आणि प्रत्येक आकडा वर-खाली करता येत होता. तिने एकालाही हात लावला नाही. लावून काही होणार नव्हतं.

"झालं का?" ताईने विचारलं, जणू बारकीच गात होती.

"झालं," बारकी म्हणाली.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. ताई एका दुपारी गेली. बारकी तेव्हा दुकानात कुणाच्या तरी बाह्या आखूड करत होती, भावोजींचा फोन आला तेव्हा टाचण्या तिच्या तोंडात होत्या. मशीन भाड्याचं होतं. दोन माणसं येऊन ते घेऊन गेली, आणि नळी मात्र तुमचीच म्हणून ठेवून गेली.

कीबोर्ड बारकीने वर नेऊन भिंतीला उभा करून ठेवला. ग्रंथपालांचा निरोप आला होता, एक निवृत्त मास्तर छान गातात, त्यांना साथ कराल का. तिने दुकानात फार काम आहे म्हणून कळवलं. काम नेहमीइतकंच होतं.

एका रविवारी भावोजी वर आले. ते सहसा वर येत नसत. खुर्चीत बसले, पंख्याकडे बघितलं, त्याला तेल पाहिजे म्हणाले. मग कीबोर्डाकडे बोट करून विचारलं, "त्यात ती आहे का?"

"कोण, ताई?"

"गाणी आहेत ना त्यात भरलेली. ती लाव."

"यात आवाज राहत नाही, भावोजी. मी जे दाबलं तेवढंच राहतं. फोनवर आहेत की तिची गाणी, माडीवरची."

"त्यात लोक बोलतात मधेच. कप वाजतात." त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "बरं, आहे ते लाव."

बारकीने कीबोर्ड मांडला. त्यात शेवटी राहिलं होतं ते लावलं, थोड्या बासरीचं. सूर सुरू झाला, ठोके पडू लागले. भावोजी पुढे झुकून ऐकत होते, पंपघरात ऐकायचे तसे. बराच वेळ गेला.

"सुरू कधी होतं?" त्यांनी विचारलं.

"सुरू झालंय. ही पहिली ओळ चाललीय."

"मग मोठं कर."

बारकीने आवाज मोठा केला. ठोके मोठे झाले, सूर मोठा झाला. मधली जागा होती तशीच राहिली. भावोजींनी मान तिरकी केली, एक कान कीबोर्डाच्या जाळीला जवळजवळ टेकवला. बासरी आली तेव्हा ते किंचित मागे झाले. "ही ती नव्हे," ते म्हणाले.

"नाही. ही बासरी."

"ती कुठे यायची, तेवढं सांग."

बारकीने गाणं पहिल्यापासून लावलं आणि ताईची ओळ जिथे सुरू व्हायची तिथे बोट वर केलं. ओळ तुटायची तिथे खाली घेतलं. पुन्हा वर. भावोजी तिच्या बोटाकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते; पण ताल त्यांना कधी कळला नव्हता, शब्द पुढे-मागे होत होते, काही तर चुकीचेच होते. त्यांना सुधारावं असं बारकीला वाटलं, पण ती बोटच वर-खाली करत राहिली. गाणं संपलं.

"पुन्हा लाव," भावोजी म्हणाले.

तिने पुन्हा लावलं.